मदत हवी आहे: फ्रेझल व्हर्ब वाचताना कळतात, ऐकताना निसटतात

नमस्कार मंडळी,

मी जीएनएम झालेली स्टाफ नर्स, मिरजेत सर्जिकल वॉर्डला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. युकेला जायचं ठरवलंय म्हणून ओईटीची (डॉक्टर-नर्सेससाठीच्या इंग्रजी परीक्षेची) तयारी चालू आहे. डॉक्टरी इंग्रजीची भीती नाही, ते शब्द रोज तोंडात असतात. घोडं अडतं ते पेशंटच्या इंग्रजीपाशी, म्हणजे फ्रेझल व्हर्बपाशी: साध्या क्रियापदाला अप, डाऊन, ऑफ असा तुकडा जोडला की वेगळाच अर्थ होतो, ते.

लिसनिंगच्या पहिल्या भागात पेशंट आणि डॉक्टर किंवा नर्स यांचं बोलणं एकदाच ऐकवतात आणि ऐकता ऐकता गाळलेल्या जागा भरायच्या असतात. सरावाच्या ऑडिओत एक बाई म्हणते, 'आय कान्ट कीप एनिथिंग डाऊन.' कीप माहीत, डाऊनही माहीत. पोटात काही ठरत नाही असं तिला म्हणायचंय हे डोक्यात शिरेपर्यंत ती पुढे गेलेली असते.

क्लासने एबीसीडीप्रमाणे यादी दिली आहे. ब्रेक डाऊन, ब्रेक इन, ब्रेक आऊट, ब्रेक अप, सगळे एकाखाली एक. रात्री पाठ होतात, सकाळच्या ड्यूटीपर्यंत कुठला कुठे गेला पत्ता नसतो. लिसनिंगला एनएमसीला (युकेच्या नर्सिंग परिषदेला) बी ग्रेड लागतो, म्हणजे ३५० गुण, त्यामुळे हा भाग सोडून देता येत नाही. अशा याद्या पाठ करून खरंच कुणाचं जमलंय का? नसेल तर काय केलंत?

भूल_उतरली:
ताई, ती यादी आधी बाजूला ठेवा. मी इंग्लंडमध्येच वॉर्डला आहे. इथे रोज लागणारे प्रकार मोजके आहेत, पण ते पक्के हवेत. तक्रारीप्रमाणे गट करा. पोटाचा गट: थ्रो अप म्हणजे उलटी होणे, ब्रिंग अप म्हणजे पोटातलं किंवा छातीतला कफ वर येणे, शिवाय तुमचं ते कीप डाऊन. शुद्धीचा गट: पास आऊट आणि ब्लॅक आऊट म्हणजे शुद्ध हरपणे, कम राउंड म्हणजे शुद्धीवर येणे, डोझ ऑफ म्हणजे डोळा लागणे. अंगावर पुरळ उठलं तर ब्रेक आऊट, जुनं दुखणं उसळलं तर फ्लेअर अप, बरं होऊन गेलं तर क्लिअर अप.

'पास'ला जरा जपून. आपल्याकडे 'मी अमुक साली पासआऊट झाले' सर्रास म्हणतात, इथल्या पेशंटला तुम्ही चक्कर येऊन पडलात असं वाटेल. पास अवे म्हणजे वारले. पास ऑन म्हणजे निरोप किंवा संसर्ग दुसऱ्याला देणे, आणि कुणी कुणी वारले या अर्थानेही वापरतात. पास विंड फ्रेझल नाही, पण सर्जिकलला असाल तर तो प्रश्न रोजचाच, आपलं 'गॅस पास झाला का?' तेच. तसंच 'आय वॉज सिक लास्ट नाईट' याचा अर्थ इकडे बहुतेकदा रात्री उलटी झाली असा असतो, नुसतं आजारी होते असा नाही.

जुनी_वही:
भूल_उतरली यांच्याशी सहमत. त्यात एक भर घालतो. क्रियापदापेक्षा शेपटाकडे लक्ष द्या. ऑफमध्ये बऱ्याचदा सुटण्या-उतरण्याचा भाव असतो: वेअर ऑफ म्हणजे औषधाचा असर उतरणे, कम ऑफ म्हणजे चालू औषध सुटणे. ऑनमध्ये चालू राहण्याचा: कॅरी ऑन, कीप ऑन. अपमध्ये पुरतं संपण्याचा: यूज अप, ड्रिंक अप. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. प्रहार, आहार, विहार, संहार यांत धातू एकच, उपसर्गाने अर्थ कुठल्या कुठे नेला. इंग्रजीत तो तुकडा पुढे न लागता मागे लागतो एवढंच.

उगाच:
हे तर्कशास्त्र ऐकायला गोड आहे, पण वॉर्डात अंगाशी येईल. अलार्म 'वेंट ऑफ' म्हणजे काय? वाजला! तुमच्या ऑफच्या हिशोबाने बंद पडला पाहिजे. दूध 'वेंट ऑफ' म्हणजे नासलं. आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे कुठल्या शेपटातून काढणार? आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं फाइल पुटअप होते, ती साहेबच सहन करतात म्हणा.

जुनी_वही:
अलार्मचा मुद्दा मान्य. शेपटावरून अंदाज बांधायचा, निर्णय वाक्यावरून. म्हणून सुटा शब्द वहीत लिहूच नका, पेशंटच्या तोंडचं अख्खं वाक्य लिहा.

सर्जिकल_सिस्टर (धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. अलार्मचं माहीत नव्हतं, बरं झालं कळलं. अजून एक शंका. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. त्यात 'पुट इट ऑफ' बरोबर आणि 'पुट ऑफ इट' चूक म्हणतात, मग 'लुक आफ्टर हर' कसं चालतं? 'लुक हर आफ्टर' का नाही?

जुनी_वही:
पुट ऑफमधला ऑफ क्रियेला जोडलेला आहे. तिथे 'पुट ऑफ द ऑपरेशन' आणि 'पुट द ऑपरेशन ऑफ' दोन्ही चालतं, पण इट, हिम, देम आलं की मध्येच बसवायचं. लुक आफ्टरमधला आफ्टर पुढच्या नामाला धरून असतो, तो मागे सरकत नाही. ऐकताना याचा उपयोग होतो. 'पुट इट ऑफ' बोलताना जोर सहसा ऑफवर येतो, 'लुक आफ्टर हर'मध्ये लुकवर, आफ्टर घाईत उरकतात. शेवटच्या तुकड्यावर आघात ऐकू आला की कान टवकारा. ऑडिओच्या मागोमाग मोठ्याने म्हणून बघा, डोळ्यांनी वाचून हे येणार नाही.

भूल_उतरली:
स्पीकिंगसाठीही एक सांगते. रोल-प्लेमध्ये पेशंटला सल्ला द्यायची वेळ येते. 'कट डाऊन ऑन सॉल्ट' म्हणजे मीठ कमी करा, 'कट आऊट सॉल्ट' म्हणजे पूर्ण बंद. सिगारेट सोडायला सांगायचं तर 'गिव्ह अप'. कार्डावर काय लिहिलंय ते नीट बघून बोला, बीपीच्या पेशंटला या दोन सल्ल्यांत फार फरक पडतो. बाकी तुमच्याच वॉर्डातल्या दहा नेहमीच्या तक्रारी मराठीत लिहा आणि इथे टाका, प्रत्येकीला इकडचे पेशंट काय म्हणतात ते मी खाली लिहीन.

सर्जिकल_सिस्टर (धागाकर्ती):
नक्की. आज नाइट आहे, उद्या दुपारी टाकते. पहिली आत्ताच देऊन ठेवते: 'टाके ओढल्यासारखे वाटतायत, आणि खोकला आला की जास्त.'