मुलीचं कॉलेज निवडताना त्या राज्याचा गर्भपात कायदा बघावा का?

डॅलसची आई
मुलीला यूटी ऑस्टिन (टेक्सासचं सरकारी विद्यापीठ) आणि इलिनॉय-अर्बाना (इलिनॉय राज्याचं), दोन्हीकडे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आम्ही टेक्सासचे रहिवासी, त्यामुळे यूटीची फी वर्षाला साधारण १३ हजार डॉलर. इलिनॉयची त्याच्या तिपटीहून जास्त. यूटीचं नाव मोठं, शिवाय घरापासून तीन-साडेतीन तासांवर. नवऱ्याच्या मते विचार करण्यासारखं काही उरतच नाही.

मला उरतं असं वाटतं. २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने देशभर गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो निकाल रद्द केला आणि ऑगस्टअखेर टेक्सासमध्ये जवळपास पूर्ण बंदी आली. बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही सूट नाही. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान १ लाख डॉलर दंड. सूट फक्त बाईच्या जिवाला धोका असेल किंवा शरीराला गंभीर इजा होणार असेल तर. इलिनॉयमध्ये अशी बंदी नाही. अठरा ते बावीस ही वर्षं तिने अशा राज्यात काढावीत का, हा प्रश्न मला फीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ह्यूस्टनकर
ताई, काळजी समजते, पण हिशेब पटत नाही. चार वर्षांत लाखाच्या वर डॉलरचा फरक पडतो. ते कर्ज ती तिशीपर्यंत फेडत बसेल, आणि कर्जाखाली दबलेल्या मुलीलाही आयुष्यात फारशी निवड उरत नाही. २०२५ च्या प्रवेशासाठी यूटीकडे ९० हजारांहून जास्त अर्ज आले. कायदा बघून मुली पळाल्या असत्या, तर हा आकडा वाढला नसता. कुणी विचारलं तर "राज्याचा कायदा महत्त्वाचा वाटतो" असं सगळेच सांगतात, फी भरताना निर्णय वेगळा होतो. आणि कायदे बदलतात. मिशिगनने २०२२ मध्ये, ओहायोने २०२३ मध्ये मतदान करून हा हक्क राज्यघटनेत घातला.

शिकागोहून
मिशिगन-ओहायोत लोकांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतदानाला आणता येते. टेक्सासमध्ये ती सोयच नाही, दुरुस्ती विधिमंडळानेच मांडावी लागते. तेव्हा चार वर्षांत बदलेल, या भरवशावर राहू नका.

वसईचा, आता अटलांटा
माझं मत इथे बहुतेकांना आवडणार नाही. मी श्रद्धेने गर्भपाताच्या विरोधात आहे आणि मुलीला त्याच संस्कारात वाढवलंय. जॉर्जियात सहा आठवड्यांची मर्यादा आहे, ती मला योग्य वाटते. मुलगी इथल्याच जॉर्जिया टेकला जाते याचा आम्हा दोघांनाही आनंद आहे. ज्या समाजात गर्भातल्या जिवाला किंमत आहे तिथे मुलीने शिकावं, असं वाटणं हीसुद्धा कायदा बघूनच केलेली निवड आहे. ती कमी प्रतीची मानू नये.

गॅल्वेची नर्स
वसईकर दादा, तुमच्या श्रद्धेचा मान ठेवून लिहिते. मी आयर्लंडमध्ये काम करते. २०१२ मध्ये इथल्या हॉस्पिटलात आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गेली. दंतवैद्य होती, वय ३१. तिला मूल हवं होतं. सतराव्या आठवड्यात गर्भपात आपणहून सुरू झाला होता, बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. गर्भ काढा म्हणून तिने आणि नवऱ्याने विनवलं, पण ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला (सेप्सिस) आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. इथल्या लोकांनी २०१८ च्या सार्वमतात घटनेतलं गर्भपातबंदीचं कलम काढून टाकलं, तोवर साडेपाच वर्षं गेली होती.

"आमची मुलगी तशी नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येक आईबापाला मला हेच सांगायचंय. हा कायदा मुलीच्या वागण्यापुरता राहत नाही. लग्न झालेली, मूल हवं असलेली बाई रक्तस्राव होत इमर्जन्सीत येते, तेव्हा डॉक्टरने आधी तिच्याकडे बघायचं की वकिलाला फोन करायचा, हे त्या कायद्याने ठरतं. शिक्षा जन्मठेपेची असेल तर डॉक्टर थांबतो. त्या थांबण्यात तास जातात, आणि सेप्सिसमध्ये एकेक तास मोजावा लागतो.

ह्यूस्टनकर
सविताबद्दल वाचून आजही वाईट वाटतं. पण टेक्सासने २०२५ मध्ये डॉक्टरांसाठी सवलतीची व्याख्या स्पष्ट केली, धोका अगदी समोर येईपर्यंत थांबायची गरज नाही असं त्यात लिहिलंय. हेही मांडायला हवं.

शिकागोहून
मांडायला हवंच. पण त्या दुरुस्तीने बंदी उठलेली नाही. बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही अजून सूट नाहीच. डॅलसच्या मुलीला शेजारी ओक्लाहोमा, आर्कान्सा, लुइझियाना कुठेच सोय नाही. कॅन्ससला विचिटापर्यंत गाडीने पाच-सहा तास. तेही मैत्रीण, गाडी आणि पैसे असतील तर. याउलट कॅलिफोर्नियात २०२३ पासून सरकारी विद्यापीठांच्या आरोग्य केंद्रातच गोळ्या मिळतात.

पुण्याहून, एमएससाठी अर्ज करणारी
माझ्यासारख्या मुलींचाही विचार करा. भारतात २९ सप्टेंबर २०२२ ला न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत अविवाहित बाईलाही वगळता येणार नाही. म्हणजे पुण्यात जो हक्क मला आहे, तो मी डॅलसला उतरले की संपतो. एजंट रँकिंग सांगतात, पगार सांगतात. हे एकाही सेमिनारमध्ये कुणी सांगितलं नाही. मी टेक्सास आणि इंडियाना यादीतून काढले. इंडियानातलं पर्ड्यू विद्यापीठ सोडताना जीवावर आलं.

डॅलसची आई
सगळं मुलीला वाचायला दिलं. तिचा कल इलिनॉयकडे आहे, पण कर्ज तिच्या नावावर नको म्हणते. नवरा ह्यूस्टनकरांच्याच बाजूने आहे. १ मेच्या आत डिपॉझिट भरायचंय. अर्बानाला मुली शिकत असलेल्या पालकांनी एवढं सांगावं: दुसऱ्या वर्षापासून बाहेर अपार्टमेंट घेतलं तर राहण्या-खाण्याचा खर्च किती उतरतो, आणि तिथे टीचिंग असिस्टंटचं काम पदवीच्या मुलांना मिळतं का?