सीएफडीसाठी नवा रायझन ९ घ्यावा का जुना ड्युअल झिऑन?

भोसरीकर_सीएई

मंडळी नमस्कार, जरा डोक्याला शॉट झालाय म्हणून विचारतोय. आमचं भोसरीत डिझाइन-सिम्युलेशनचं छोटं काम आहे, तिघं जण आहोत, ऑटो पार्टवाल्यांचे जॉब येतात, डक्ट, इनटेक मॅनिफोल्ड, कूलिंग जॅकेट असलं काय काय. मॉडेलिंग सॉलिडवर्क्समध्ये आणि सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) ओपनफोम या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, कारण सॉल्व्हरच्या (हे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामच्या) लायसन्सला पैसे घालायची आपली ऐपत नाही. आजवर ५०-६० लाख सेलच्या (गणितासाठी मॉडेलचे जे बारीक तुकडे पाडतात ते) वर जायची वेळच आली नव्हती, ८ कोअरच्या साध्या डेस्कटॉपवर संध्याकाळी रन लावायचा आणि सकाळी येऊन बघायचा. आता एका पार्टीनं अंडरहूडचं (बॉनेटखालच्या भागाचं) काम दिलंय, मेश (सेलची जाळी) दीड-दोन कोटी सेलपर्यंत जाणार, तेव्हा नवीन मशीन घेतल्याशिवाय भागणार नाही.

दोन कोटेशन हातात आहेत. एक, रायझन ९ ९९५०एक्स, १६ कोअर, ६४ जीबी डीडीआर५, सगळं कोरं, बजेट जवळजवळ त्यातच संपतं (बजेट दोन-सव्वादोन लाख, जीएसटी धरून). दुसरं, रीफर्बिश्ड वर्कस्टेशन, त्यात इंटेलचे सर्व्हरवाले झिऑन ई५-२६८० व्ही४ दोन, म्हणजे १४ आणि १४ मिळून २८ कोअर, १२८ जीबी रॅम, आणि किंमत पहिल्याच्या निम्मी. दुकानदार म्हणतो साहेब सर्व्हरचा प्रोसेसर आहे, २४ तास पळायलाच बनवलाय, डोळे झाकून घ्या. पार्टनर म्हणतो दहा वर्षांचं भंगार ऑफिसात आणू नकोस. काय करू?

ठाणेकर७८

पार्टनरचं ऐका. ते २६८० व्ही४ म्हणजे २०१६ च्या ब्रॉडवेल पिढीचं. टर्बो ३.३ गिगाहर्ट्झ, तेसुद्धा एकदोन कोअर चालू असतील तेव्हा. ९९५०एक्स ५.७ ला जातो आणि दर गिगाहर्ट्झमागे कामही जास्त करतो. एका कोअरला एक कोअर लावला तर रायझन दुपटीहून पुढे आहे, मग २८ काय आणि १६ काय, हिशेब सरळ आहे. त्यात विंडोज ११ त्या झिऑनला अधिकृत चालत नाही, आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. वर लाइटबिल. जुना सर्व्हर म्हणजे हीटर असतो हीटर. वॉरंटी तर विसराच. कोरं घ्या, निवांत झोपा.

जाळीवाला

ठाणेकर, तुमचं म्हणणं एडिटिंगला, कोड कंपाइलला, अगदी ब्लेंडरलाही शंभर टक्के लागू आहे, पण भोसरीकरांनी सीएफडी म्हटलंय आणि तिथं गणित वेगळं पडतं. ओपनफोमचा सॉल्व्हर आकडेमोडीसाठी थांबत नाही हो, तो मेमरीतून डेटा यायची वाट बघत बसतो. दोन कोटी सेल, प्रत्येकाचा वेग, दाब, टर्ब्युलन्सचे आकडे, वर मॅट्रिक्स, हे सगळं प्रत्येक इटरेशनला (गणिताच्या फेरीला) रॅममधून ओढायचं आणि परत लिहायचं, कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत) यातलं काहीही मावत नाही. त्यामुळे कोअर किती आणि गिगाहर्ट्झ किती यापेक्षा मेमरीचे चॅनल (रॅम ते प्रोसेसर या वाटा) किती हे आधी बघायचं. ९९५०एक्सला चॅनल दोन. सोळा आचारी उभे केलेत आणि पाण्याला नळ दोनच, असा प्रकार.

आकडे काढून बघा, दहावीचं गणित आहे. एक चॅनल एका वेळी ८ बाइट नेतो.

९९५०एक्स: डीडीआर५-५६००, २ चॅनल, म्हणजे सेकंदाला ८९.६ जीबी.
एक २६८० व्ही४: डीडीआर४-२४००, ४ चॅनल, ७६.८ जीबी. दोन मिळून १५३.६ जीबी.

हे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात दोन्हीकडे कमीच मिळतात, आणि ड्युअल सॉकेटमध्ये एका प्रोसेसरनं दुसऱ्याच्या रॅमला हात घातला की अजून खड्डा पडतो. पण मोठ्या केसवर ते दहा वर्षांचं भंगार नव्या रायझनच्या बरोबरीनं पळतं, आणि निम्म्या पैशात, ही गोष्ट खरी आहे.

विश्वास नसेल तर स्वतःच्या मशीनवर बघा. तुमचीच एखादी ५० लाख सेलची केस घ्या, ती २, ४, ६, ८ भागात डीकंपोज करून (म्हणजे एकेक भाग एकेका कोअरला वाटून) प्रत्येक वेळी थोड्या इटरेशन चालवा आणि लॉगमध्ये एका इटरेशनला किती सेकंद लागले तेवढं टिपून ठेवा. २ वरून ४ वर जाताना वेळ मस्त खाली येईल, ६ वरून ८ वर जाताना जेमतेम हलेल. टास्क मॅनेजर मात्र आठही कोअर १०० टक्के दाखवत राहील, कारण वाट बघणारा कोअरसुद्धा बिझीच दिसतो. माणसं इथंच फसतात.

लाइटबिलाचं म्हणाल तर दोन झिऑन १२०-१२० वॉटचे, एकटा ९९५०एक्स पूर्ण लोडला २०० वॉट ओढतो. जुन्या बोर्डाचं आणि पंख्यांचं धरून १०० वॉटचा फरक पकडा, म्हणजे दिवसरात्र चाललं तर २.४ युनिट. युनिटला १२ रुपये लावले तरी दिवसाला तीस रुपयांच्या आतबाहेर. रिकामं असताना मात्र जुनं मशीन उगाच जास्त खातं, तेव्हा रन संपला की बंद करायची सवय लावून घ्या.

ठाणेकर७८

बरं, मेमरीचं मान्य. पण मग एक्स३डी घ्या ना, ९९५०एक्स३डी. १२८ एमबी एल३ कॅश आहे त्याला.

जाळीवाला

छोट्या केसला उपयोग होतो, नाही असं नाही. पण ती जादा कॅश दोनपैकी एकाच चिपलेटवर (प्रोसेसरच्या आतल्या तुकड्यावर) बसवलीय, आणि दोन कोटी सेलची केस काही जीबींमध्ये जाते, तिथं १२८ एमबीनं किती फरक पडणार. एएमडीनं हीच आयडिया त्यांच्या सर्व्हरवाल्या एपिक प्रोसेसरमध्ये २०२२ ला आणली, ७६८ एमबी कॅश, सीएफडीवाल्यांनाच डोळ्यासमोर ठेवून. पण ते आपल्या बजेटमधलं नव्हे.

रीफर्ब_राव

जाळीवाल्यांनी सिद्धांत सांगितला, मी बाजार सांगतो, लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे हे प्रकार चालतात.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. १२८ जीबी रॅम म्हणजे नक्की किती स्टिक ते विचारा. ३२ च्या चार असतील तर एका प्रोसेसरला दोनच आल्या, म्हणजे चार चॅनलपैकी दोन रिकामे, आणि वर जो १५३ चा आकडा दिलाय त्याचे झाले ७६. मग रायझनच बरा की! तुम्हाला १६ च्या आठ पाहिजेत, प्रत्येक प्रोसेसरला चार, आणि त्यासुद्धा बरोबर रंगाच्या स्लॉटमध्ये. दुकानदाराला याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याच्या लेखी १२८ म्हणजे १२८. झाकण उघडून फोटो पाठवायला सांगा. वेग पण बघा, २१३३ च्या स्टिक घालून २४०० म्हणून विकतात.

दुसरं, त्या मशीनवर कॅड करायचा विचार असेल तर सोडून द्या. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल रीबिल्ड होताना मुख्यतः एकच कोअर राबतो, झिऑनवर फीचर ट्री फिरताना बघून रडू येईल. तिथं ठाणेकरांचं शंभर टक्के खरं आहे. तुमचं ८ कोअरचं मशीन कॅडला ठेवा, झिऑनवर उबंटू टाका, मॉनिटरसुद्धा लावू नका, नेटवर्कवरून केस पाठवायची आणि रिझल्ट ओढायचे. विंडोज ११ चा प्रश्नही तिथंच मिटतो.

तिसरं, आणि हे माझं खरं मत. दोन लाख आहेत तर दोन्ही सोडा आणि वापरलेला सिंगल एपिक शोधा. ७३०२ म्हणून येतो, १६ कोअर, १५५ वॉट, ८ चॅनल डीडीआर४-३२००. करा गुणाकार, २०४.८ जीबी, आणि तेही एकाच सॉकेटमध्ये, दोन प्रोसेसरमधली ये-जा नाही. कोअर रायझनइतकेच, गिगाहर्ट्झ त्याच्याहून कितीतरी कमी, पण तुमच्या कामाला दोघांनाही मागे टाकेल. फक्त एक कुलूप असतं ते बघून घ्या. काही ब्रँडेड सर्व्हरमधून काढलेले एपिक त्या कंपनीच्याच बोर्डाला कायमचे बांधलेले असतात, दुसऱ्या बोर्डावर चालूच होत नाहीत आणि ते कुलूप नंतर काढताही येत नाही. म्हणून सुटा प्रोसेसर स्वस्त दिसला की झडप घालू नका, बोर्डासकट चालू करून दाखवत असेल तरच घ्या.

बिल पक्कं घ्या. जीएसटी नंबर असेल तर नव्या मशीनचे १८ टक्के तुम्हाला क्रेडिटमध्ये मिळतात, कच्च्या बिलावर काही मिळत नाही, तेव्हा निम्म्या किमतीची तुलना करताना तेवढं वजा करूनच बघा.

अनुस्वार

मी स्ट्रक्चरल साइडला आहे, म्हणून दोन गोष्टी. भोसरीकर, पुढं कधी अॅन्सिसवर (विकतचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) जायचा विचार असेल तर आत्ताच हिशेबात घ्या, कारण तिथं कोअरचे पैसे लागतात. बेसिक लायसन्समध्ये ४ कोअर, एक एचपीसी पॅक (जादा कोअरचं लायसन्स) घेतला की अजून ८, दोन पॅक घेतले की ३२. एका कोअरचं भाडं इतकं पडतं की मग माणूस कमी पण तगडे कोअर शोधायला लागतो, आणि २८ मरतुकड्या कोअरचा काही फायदा राहत नाही. ओपनफोममध्ये हा प्रश्न नाही, म्हणूनच जुना सर्व्हर तुम्हाला परवडतोय. आणि एफईएमधला (पार्टच्या मजबुतीच्या गणितातला) डायरेक्ट सॉल्व्हर असेल तर तिथं किती रॅम हे आधी येतं, मॅट्रिक्स रॅममध्ये मावला नाही तर तो डिस्कवर लिहायला लागतो आणि मग कुठलाही प्रोसेसर असो, कपाळावर हात.

दुसरं ईसीसी, म्हणजे रॅममधली चूक पकडून दुरुस्त करायची सोय. दोन-तीन दिवस चालणाऱ्या रनमध्ये रॅममधला एखादा बिट पलटला तर एकतर रन कोसळतो, किंवा त्याहून वाईट, कोसळत नाही आणि चुकीचा आकडा घेऊन पुढं जातो. झिऑन-एपिकला ईसीसी रॅम असतेच. रायझन डेस्कटॉपलाही चालते, पण बोर्डानं साथ द्यायला हवी आणि स्टिक अनबफर्ड ईसीसी हव्यात, सर्व्हरच्या रजिस्टर्ड स्टिक त्यात चालत नाहीत. आणि दुकानात "डीडीआर५ मध्ये ईसीसी इनबिल्टच असतं मॅडम" असं ठोकून देतात, ते ऐकू नका. ते चिपच्या आतल्या आत दुरुस्ती करणारं असतं, चिप ते प्रोसेसर या वाटेवर काही बिघडलं तर त्याला पत्ताच लागत नाही.

भोसरीकर_सीएई

अरे बापरे, दोन ओळींचं उत्तर येईल वाटलं होतं 😄 सगळ्यांचे आभार.

जाळीवाल्यांची टेस्ट आज दुपारीच लावली. ४ वर चढेपर्यंत वेळ पटापट उतरला, ६ वरून ८ ला फरक इतका किरकोळ की पार्टनर म्हणाला लॉग चुकीचा वाचतोयस. परत चालवला, तेच. त्यामुळे तो आता भंगार हा शब्द वापरत नाहीये. दुकानदाराला स्टिकचं विचारलं तर आधी म्हणे "सर १२८ आहे ना", मग फोटो पाठवला, ३२ च्या चारच. आठ करून द्या म्हटलं तर जादा पैसे सांगतोय, रॅमचे भाव चढलेत म्हणे.

दोन शंका. एक, दोन कोटी सेलला ६४ जीबी पुरेल का १२८ च लागेल? दुसरी, आमच्याकडे गुरुवारी लाइटचा भरवसा नसतो, मेंटेनन्स म्हणून तास-तास जाते, मोठा यूपीएस घ्यावा लागेल का?

जाळीवाला

१० लाख सेलला साधारण १ ते २ जीबी धरा, म्हणजे तुम्हाला २० ते ४०. सॉल्व्हरला ६४ पुरेल. पण स्नॅपीहेक्समेश (ओपनफोमचं मेशिंगचं टूल) मेश बनवताना जास्त खातो, त्यात लेयर टाकायचे असतील तर अजून, म्हणून १२८ असलेलं बरं. आणि पैसे अडत असतील तर १६ च्या आठऐवजी ८ जीबीच्या आठ घ्या, ६४ झाले तरी चॅनल सगळे भरलेले राहतील. कमी रॅम पण सगळ्या चॅनलवर, हे जास्त रॅम अर्ध्या चॅनलवर असण्यापेक्षा तुमच्या कामाला चांगलं. भाव चढल्याचं तो खरं बोलतोय, पण तरी जुन्या रजिस्टर्ड डीडीआर४ ला डीडीआर५ इतकी आग लागलेली नाही.

यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा बास. कंट्रोलडिक्टमध्ये (रनच्या सेटिंगची फाइल) दर १०० इटरेशनला डेटा लिहायला लावा आणि जुन्या टाइम फोल्डरपैकी शेवटचे दोनच ठेवायला सांगा, नाहीतर डिस्क भरते. लाइट गेली तर मशीन नीट बंद करा, आली की शेवटच्या फोल्डरपासून पुढे. स्टार्टफ्रॉम लेटेस्टटाइम ठेवलंत की झालं.

ठाणेकर७८

मी माझ्या मतावर ठाम, पण फक्त एकच मशीन घेणाऱ्यांसाठी. कॅडला वेगळं मशीन आहे म्हटल्यावर एपिक बघा. झिऑनमध्ये पैसे अडकवायला मला अजूनही जीवावर येईल, बोर्ड गेला तर दुसरा शोधत बसाल.

भोसरीकर_सीएई

ठरलं मग. आधी ७३०२ बोर्डासकट मिळतो का बघतो, एकानं चालू करून दाखवतो म्हटलंय, शनिवारी जातोय. नाही जमलं तर झिऑन, पण आठ स्टिकवालाच. रायझनचं कोटेशन परत केलं. तिथं गेल्यावर अजून काय तपासू?

रीफर्ब_राव

पेनड्राइव्हवर लाइव्ह उबंटू आणि ओपनफोमसोबत येणारी मोटरबाइकची केस घेऊन जा, निदान अर्धा तास पूर्ण लोडवर पळवा आणि तापमान बघत बसा, दुकानदार चहा पाजेल तो प्या पण खुर्ची सोडू नका. बायोसमध्ये आठही स्टिक दिसतायत आणि ३२०० वर चालतायत याचा मोबाइलवर फोटो काढा. बीएमसीचा (बोर्डावरची, दुरून मशीन सांभाळायची चिप) पासवर्ड मागून घ्या, मागच्या मालकाचा राहिलेला असतो आणि नंतर फोन उचलत नाहीत. आणि स्वतःचा मॉनिटर नेणार असाल तर व्हीजीएवाला न्या, असल्या बोर्डांना एचडीएमआय नसतं.