जड तेलाच्या साठ्यात कार्बन डायऑक्साइड सोडल्याने नेमके काय साधते?

गोदाकाठ (नाशिक):
नमस्कार. मी येथील एका महाविद्यालयात रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड वेगळा करून तो गुजरातमधील मेहसाण्याच्या जड, म्हणजे घट्ट आणि चिकट, खनिज तेलाच्या साठ्यात वापरता येईल का, असा आमच्या गटाच्या प्रकल्पाचा विषय आहे. पुरेशा दाबाखाली हा वायू तेलाशी एकजीव होतो आणि खडकातील तेल धुऊन काढतो, असे वाचनात आले. परंतु जड तेलाबाबत हे गृहीत धरू नका, असे आमचे मार्गदर्शक सांगतात. याचे कारण कोणी समजावून सांगेल का?

सातपूरकर:
आपले मार्गदर्शक योग्य सांगत आहेत. वायू आणि तेल एकजीव होण्यासाठी तेलात हलके आणि मध्यम वजनाचे घटक भरपूर असावे लागतात. जड तेलात ते फारसे नसल्यामुळे त्यासाठी लागणारा दाब इतका वाढतो, की उथळ साठ्यांतील खडकाला तो पेलवत नाही. मात्र एकजीव झाला नाही तरी वायू तेलात विरघळतो, आणि जड तेलात खरे काम तेवढ्यानेच होते. तेल फुगते, आणि काकवी ऊन केल्यावर जशी सैल होते तसा त्याचा चिकटपणा उतरतो. अनुकूल दाब-तापमानाला तो दहाव्या हिश्शापर्यंतही येतो. पुढे विहिरीजवळ दाब कमी झाला की विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि तेलाला विहिरीकडे रेटतो.

अडचण वायूच्या पातळपणाची आहे. घट्ट तेलातून तो सरळ आघाडी धरून पुढे जात नाही; बोटांसारखे फाटे फोडत मिळेल त्या भेगेने उत्पादन विहिरीपर्यंत पोहोचतो आणि बरेचसे तेल मागेच राहते. म्हणून वायू आणि पाणी आलटून पालटून सोडतात, किंवा एकाच विहिरीत वायू भरून ती काही काळ बंद ठेवतात आणि मग तिच्यातूनच तेल काढतात. तेलातील अ‍ॅस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे जड घटक, साक्याप्रमाणे बसून खडकाची छिद्रे बुजवतात का, याची चाचणी आपल्या प्रकल्पात अवश्य ठेवावी.

जुना खनिकर्मी:
तुर्कस्तानातील बाती रामान क्षेत्राचा अभ्यास करावा. हा साठा १९६१ साली सापडला. तेल सुमारे १२ अंश एपीआयचे (हे तेलाच्या हलकेपणाचे माप; अंक जितका लहान तितके तेल जड), साठ्यातील चिकटपणा ६०० सेंटीपॉइजच्या आसपास (पाण्याचा साधारण एक असतो), आणि नैसर्गिक दाबावर एकूण साठ्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी तेल मिळण्याची आशा होती. १९८६ मध्ये तेथे कार्बन डायऑक्साइड सोडण्यास सुरुवात झाली आणि उत्पादन स्पष्टपणे वाढले. माझ्या मते यातील निर्णायक गोष्ट म्हणजे दोदान येथील नैसर्गिक वायूसाठा. तो नव्वदेक किलोमीटरवर होता आणि तेथील वायूत कार्बन डायऑक्साइडच मुख्य असल्याने तो धुरातून गाळून काढावा लागला नाही.

एकलहऱ्याची स्थिती वेगळी आहे. कोळशाच्या धुरात हा वायू साधारण १२ ते १५ टक्केच असतो. उरलेला बहुतांश नायट्रोजन तेलात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा वायू वेगळा करणे, दाबणे आणि गुजरातपर्यंत नेणे यांतच जाईल. शिवाय मेहसाण्याच्या बलोल आणि सांथाल क्षेत्रांत हवा सोडून साठ्यातच तेलाचा काही भाग जाळण्याची पद्धत १९९०च्या दशकापासून वापरात आहे. आपली तुलना तिच्याशी व्हायला हवी.

दिंडोरीचा वाचक:
द्राक्षरस आंबवताना सुटणारा वायू जवळजवळ शुद्ध असतो. तो वापरता येणार नाही का?

सातपूरकर:
शुद्ध असतो, पण प्रमाण अपुरे पडते. रसात लिटरमागे २०० ग्रॅम साखर धरली, तर तिच्या निम्म्याहून थोडा कमी वजनाचा वायू सुटतो. म्हणजे दहा लाख लिटर रसामागे शंभर टनही नाही. एकलहऱ्याचा २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला चार हजार टनांहून अधिक वायू सोडतो. प्रयोगशाळेतील चाचण्यांसाठी मात्र वाइनरीचा वायू वाळवून वापरण्यास हरकत नाही. वाळवणे टाळू नये, कारण ओलाव्याबरोबर त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि साधे पोलाद त्याने गंजते.