पणजोबांचं शिसवी कपाट, दारावरची पांढरी नक्षी हस्तिदंत आहे का? पॉलिशवाला घासू म्हणतोय

गावभागचा_पोरगा
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे, तिथं पणजोबांच्या वेळचं एक कपाट आहे, साडेपाच फूट उंच, आतनं सागवान आणि वरनं शिसवीचे पातळ पापुद्रे चिकटवलेले. दोन्ही दारांवर वेलबुट्टी आहे, त्यात पांढरी फुलं, पितळेची बारीक तार आणि मधेमधे शिंपल्यासारखं चमकणारं काहीतरी. २०१९ च्या पुरात खालचे दोनअडीच फूट चार दिवस पाण्यात होतं, तेव्हापासून खालचा पापुद्रा फुगलाय, आठदहा फुलं गळून पडली, ती आईनं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलीत, आणि वरच्या भागावर पांढुरकी झाक आलीय ती काही केल्या जात नाही.
आता एक जुन्या वस्तू घेणारा माणूस येऊन गेला, म्हणाला हे हस्तिदंत आहे, फॉरेनचं गिऱ्हाईक आहे, चाळीस हजार देतो. आज्जी म्हणते पेशव्यांच्या काळातलं आहे, विकायचं नाही. आणि पॉलिशवाला म्हणतो मशीन मारून सगळं साफ करतो, खाली पडलेलं फेव्हिकॉलनं चिकटवतो आणि वर मेलामाइन पॉलिश मारतो, नवं कोरं दिसेल. पितळ काळं पडलंय ते मी रविवारी चिंच लावून घासणार होतो. काय करू?

लाकूडतोड्या_वाई
चिंच लावू नका ओ!! शिंपल्याचं काम असेल तर शिंपला म्हणजे शेवटी चुनाच, आंबट लागलं की चकाकी गेली, खडूसारखा होतो. तारेला लावलेली चिंच शेजारच्या शिंपल्यावर जाणारच, ती काय रेघ बघून थांबत नाही. पितळ काळं आहे ते राहू द्या, कोरड्या सुती फडक्यानं पुसा, फार तर तेवढंच.

तुंबा_आणि_तार
मिरजेचा आहे, आमच्या घरात तीन पिढ्या सतारीचं काम, म्हणून पांढऱ्या नक्षीबद्दल दोन शब्द. डब्यातला एक तुकडा घ्या, अंगठ्यानं जोरात घासा, गरम झाला की लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर तो सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं एक प्लास्टिक. आमच्याकडं तंबोऱ्यावर पूर्वी हस्तिदंत नाहीतर साबरशिंग असायचं, नंतर सगळं सेल्युलॉइडच्या शीटवर आलं, शीट कापायची, त्यावर रेघा कोरायच्या आणि रेघांत काळा रंग भरायचा. तुमच्या फुलांच्या पाकळ्यांवर अशा काळ्या रेघा आहेत का बघा. भिंगातनं पण कळतं, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात, आणि सेल्युलॉइडवर दिसल्या तर सरळ समांतर रेघा, त्या मुद्दाम हस्तिदंतासारखं वाटावं म्हणून घातलेल्या.
यूट्यूबवर तापलेली सुई टोचून बघा म्हणतात, ते अजिबात करू नका. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, भप्पकन पेटतं. कपाटावर समई, उदबत्ती ठेवत असाल तर आजच हलवा.

गावभागचा_पोरगा
दादा, कापूर!!! आईला पण हुंगायला लावलं, ती म्हणाली आरतीचा वास येतोय. आणि काळ्या रेघा आहेत पाकळ्यांवर.

तुंबा_आणि_तार
मग पेशवाई गेली तुमची 😀 सेल्युलॉइड १८७० च्या आसपास अमेरिकेत निघालं, पेशवाई १८१८ ला संपली. निदान ही फुलं तरी त्यानंतरचीच. आज्जींना लगेच सांगू नका.
आता मुद्द्याचं, मेलामाइनवाल्याला थांबवा. त्या पॉलिशला थिनर लागतो आणि थिनरमध्ये सेल्युलॉइड विरघळतं, फुलं चिकट होऊन पसरतील, मग कोण येऊन कोरून देणार?

सुतारपक्षी६२
मी साताऱ्याचा, चाळीस वर्षं फर्निचरचं काम केलं, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून फक्त बोलतो. पापुद्रा फुगला कारण जुनं काम सरसावर आहे, म्हणजे कातडं-हाडं उकळून केलेला सरस, तो पाण्यात सुटतो. पण सुटतो म्हणूनच परत बसवता पण येतो, हे कुणी सांगत नाही. सरस रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून तापवायचा, थेट विस्तवावर नाही आणि उकळी तर आणायचीच नाही, उकळला की जोर गेला. हाताला चटका बसेल न बसेल एवढा गरम. पापुद्र्याखालची माती कोरड्या ब्रशनं काढा, पुराचा गाळ बारीक असतो, तो राहिला तर काहीच धरत नाही. पापुद्रा कडक असेल तर ओलसर फडकं ठेवून आधी मऊ होऊ द्या. मग सरस भरा, वर मेणकागद, सपाट फळी आणि शिकंजा, दोन दिवस हात लावायचा नाही. फेव्हिकॉल घट्ट धरतं हीच इथं अडचण, पुढच्या वेळी कुणाला काढायचं झालं तर लाकूड फाडूनच निघेल. गळलेल्या फुलांना मात्र आधी एकच फूल लावून बघा, गुळगुळीत शीटला सरस कधीकधी नीट धरत नाही, मागची बाजू जरा खरखरीत करावी लागते.
मशीन मारलं तर पापुद्रा एक मिलिमीटरचा असला नसला, दोन मिनिटांत खालचं सागवान दिसेल. नवं कोरं करायचं असेल तर नवंच घ्या की.
वरची पांढरी झाक बहुतेक लाखेच्या पॉलिशमध्ये ओल शिरल्याची. मागच्या बाजूला कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाका, चिकट झालं तर चपडा लाखच. मग बोळ्यावर नावापुरतं स्पिरिट घेऊन, बोळा जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, हलक्या हातानं फिरवा. फुलांपासून चार बोटं लांब! स्पिरिटनं सेल्युलॉइड पण मऊ पडतं.

वकील_नाही_पण
त्या चाळीस हजारवाल्याबद्दल. हस्तिदंत असतं तर ते विकणंच बेकायदा होतं, वन्यजीव कायदा १९७२ चा, १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद आणि १९९१ ला आफ्रिकनचा पण. घरातलं जुनं आहे म्हणून विकायला सूट नाही. आणि वस्तू शंभर वर्षांवरची असेल तर पुरावस्तू कायद्यानं ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे त्याचं बोलणं खरं धरलं तरी तो गुन्हाच करायला निघालाय आणि खोटं असेल तर... असो.

लाकूडतोड्या_वाई
खरं जुनं काम बघायचं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी संग्रहालय गाठा, तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ ला बांधलेलं, लाकडावरचं कोरीवकाम आणि हस्तिदंत दोन्ही आहे. एकदा डोळ्याला सवय झाली की बाजारात कोण फसवत नाही.

गावभागचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. स्पिरिटचा थेंब चिकट झाला, लाखच आहे. पॉलिशवाल्याला नको म्हणून कळवलं, तो जरा रागावला. समई हलवली. खालची फळी आत अजून दमट वाटते, सरस आता लावला तर चालेल का, पाऊस सुरू आहे?

सुतारपक्षी६२
नको. दिवाळीनंतर लावा. तोवर भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि पायाखाली लाकडी ठोकळे द्या. उन्हात मात्र काढू नका, एका बाजूनं वाळलं की दारं पिळतात, मग कडी लागायची नाही.