लेकीची केमो आणि माझी नोकरी: मदत हवी आहे

नमस्कार. मुलगी सहा वर्षांची, ए.एल.एल. म्हणजे रक्ताचा कॅन्सर. बरी होईल असं डॉक्टर म्हणतात, पण उपचार दोन-अडीच वर्षांचे. मी पुण्यात आयटीत, टीम लीड. थर्मामीटर आता लॅपटॉपशेजारीच असतो. ताप १००.४च्या वर गेला की मीटिंग असो वा मध्यरात्र, थेट हॉस्पिटल. डेक्साच्या (भूक वाढवणाऱ्या स्टेरॉइडच्या) गोळ्या चालू असल्या की पहाटे तीनला वरणभात मागते आणि नऊला माझा कॉल. (कुकरची शिट्टी क्लायंटनेही ऐकली आहे.)

सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. पण मेडिक्लेम माझ्याच कंपनीचा! नवऱ्याचा धंदा, त्याला असं कव्हर नाही. केंद्र सरकारी नोकरीत बायकांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते, आम्हा खासगीवाल्यांना कसली? मॅनेजर तोंडी ‘सांभाळून घेऊ’ म्हणतात, लेखी काहीच नाही.

कुणी अशा वेळी कमी तास किंवा घरून काम लेखी मंजूर करून घेतलंय का? अर्जात काय लिहिलंत, डॉक्टरांचं पत्र जोडलंत का? बिनपगारी रजेत मेडिक्लेम चालू राहिला का?