लिलीचे जुने कंद उकरून वेगळे करावेत का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

विजापूर रोडला आमच्या कंपाउंडलगत लाल अ‍ॅमरेलिस लिलीचा वाफा आहे, सासूबाईंनी लावलेला. मार्च-एप्रिलमध्ये दांडे वर येतात, एकेका दांड्यावर तीन-चार फुलं. पण हल्ली पानं रग्गड आणि फुलं मोजकी. यंदा तर वाफ्याचा मधला भाग कोराच गेला, आले ते दांडे कडेकडेला. माती जरा बाजूला करून बघितली, तर कंद एकमेकांना चेपून बसलेत, काही पार चपटे झालेत. पिल्लं लसणाच्या पाकळीएवढी, खच पडलाय नुसता.

माती काळी. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे वाफ्याला उरलंसुरलंच मिळतं. सकाळचं ऊन असतं, पण शेजारी मजला चढल्यापासून दुपारनंतर सावली.

सासूबाई म्हणतात, बसलेल्या कंदाला हात लावू नये, रुसतात. नर्सरीवाला म्हणतो, आत्ताच काढा. आत्ता, या 42 अंशांत? काढायचेच तर कधी? आणि पिल्लांना फूल यायला किती थांबायचं?

प्रतिसाद १
ताई, आत्ता अजिबात नको. फुलं सरल्यावर जी पानं वाढतात त्यांच्यावरच कंद पोसतो आणि पुढचा दांडा आत धरतो. पावसाळ्यात काढलेत तर जखमी मुळं तुमच्या काळ्या मातीत कुजतील. पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडा आणि जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास काढा. खुरप्याने कंद चिरले जातात. लांबून पहार घालून अख्खं ठोंब उचला. जाड मुळं राहू द्या. हाताने सहज सुटेल तेच पिल्लू सोडवा. सावलीत चार दिवस सुकवून वीतभर अंतराने लावा, कंदाची मान मातीच्या वर. पिल्लं दोन-तीन वर्षं घेतात, मोठे कंदही कधी एखादा हंगाम फुलत नाहीत. आणि हो, कांद्यासारखे दिसतात पण विषारी असतात, स्वयंपाकघराजवळ वाळत घालू नका.

प्रतिसाद २
फुलं मजला चढल्यानंतरच कमी झाली का? तसं असेल तर दोष सावलीचा. पुन्हा तिथेच लावून काय उपयोग?

धागाकर्ती
नाही हो, फुलं त्याआधीपासूनच कमी होत होती. मग जानेवारीत अर्धा वाफा उकरते, अर्धा सासूबाईंचा तसाच राहू दे. काळ्या मातीत मुरूम मिसळला तर चालेल का, की जाड वाळूच आणू?