न्यूयॉर्कला बदली झालीय: घरची बंदूक सोबत न्यायची की मागे ठेवायची?

किलीनकरीण:
नवऱ्याच्या बदलीच्या ऑर्डर्स आल्या. टेक्सासमधल्या किलीन गावाजवळच्या फोर्ट हूड या लष्करी तळावरून न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम तळावर. तो अमेरिकन आर्मीत आहे, आम्ही दोघंही इथले नागरिक. घरात एक पिस्तूल आणि एक एआर-१५ रायफल. टेक्सासमध्ये दोन्हींची ना नोंदणी, ना परवाना. सप्टेंबर २०२१ पासून तर कमरेला पिस्तूल लावून फिरायलाही परवाना लागत नाही.

नवरा म्हणतो, "सरकारच पाठवतंय ना? ऑर्डरची प्रत गाडीत ठेवू, कोण अडवतंय?" रविवारी मुलं झोपल्यावर मी न्यूयॉर्कचा कायदा वाचायला बसले आणि पोटात गोळाच आला. तिथे परवाना नसेल तर पिस्तूल स्वतःच्या घरात ठेवणं हासुद्धा गुन्हा. दुसऱ्या राज्याचा परवाना चालत नाही. अर्ज त्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, आणि निर्णयाला सहा महिने लागू शकतात. रायफलचं तर विचारूच नका. मॅगझिन (गोळ्यांचा डबा) निघणारं आणि पिस्तूलसारखी मूठ असलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल २०१३ च्या सेफ कायद्यात सरळ बंदी असलेल्या यादीत जाते. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिनही नाही.

माझं मत: ऑर्डर आली की ट्रक ठरवायच्या आधी नव्या राज्याचा कायदा वाचावा, आणि जे त्यात बसत नाही ते मागे ठेवावं. नवऱ्याला हा सैनिकावर अन्याय वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा:
वहिनी, मी भाऊंच्या बाजूने. मी स्वतः आर्मीत होतो, चार बदल्या काढल्या. सैनिक राज्य निवडत नाही. नोकरीसाठी ह्यूस्टनहून बफेलोला जाणारा माणूस नाही म्हणू शकतो, आपण नाही म्हणू शकत नाही. देश त्याच्या हातात एम-४ रायफल देतो आणि त्याच माणसाच्या घरातल्या पिस्तुलासाठी त्याला गुन्हेगार ठरवतो, हे मला पटत नाही.

सैनिक वेगळा आहे हे संघीय कायदा मानतोच की. पिस्तूल विकत घेताना सैनिक जिथे नेमणुकीवर आहे त्या राज्याचा रहिवासी धरला जातो, त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स कुठलंही असो. मग घेताना जी सवलत, ती नेताना का नको? न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियासारखी कडक राज्यंसुद्धा नव्याने राहायला येणाऱ्याला नोंदणीसाठी ६० दिवस देतात. हवाईत ५ दिवस. न्यूयॉर्क पिस्तुलाला एक दिवसही देत नाही.

हडसनकाठ:
रानवारा, एम-४ संध्याकाळी कुठे जाते? आर्म्स रूममध्ये, सही करून, नंबर जुळवून. एक हत्यार कमी भरलं तर अख्खी तुकडी रात्रभर शोधत बसते. शिस्त काय असते ते सैनिकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याला परवाना काढायला सांगणं हा अपमान कसा?

आणि सेफ कायदा हवेतून आला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये शेजारच्या कनेक्टिकटमध्ये न्यूटाउनच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. पुढच्या सोमवारी तिला शाळेत सोडताना तिचा हात सुटत नव्हता माझ्याकडून. महिन्याभरात इथे तो कायदा झाला. तुम्हाला तो जाच वाटतो, मला तो त्या मुलांचा हक्क वाटतो.

रानवारा:
त्या मुलांबद्दल माझ्या मनातही तेवढंच दुःख आहे, ताई. पण किलीनमधला एक सार्जंट सामान बांधतोय आणि त्याला काउंटीचा नियम माहीत नाही, त्याला तुम्ही त्या मारेकऱ्याच्या रांगेत बसवू नका. प्रवासात संरक्षण देणारा १९८६ चा संघीय कायदा आहे. बंदूक रिकामी ठेवा, डिकीत कुलपात ठेवा, आणि कुठल्याही राज्यातून जा.

कलमवाचक:
रानवारा, इथेच माणसं फसतात. तो कायदा "कुठल्याही राज्यातून जा" एवढंच म्हणत नाही. जिथून निघालात तिथे आणि जिथे पोचणार तिथे, दोन्हीकडे ती बंदूक बाळगणं कायदेशीर असलं पाहिजे, तरच मधल्या राज्यांत संरक्षण. न्यूयॉर्कचा परवाना हातात नसेल तर शेवटचं टोकच तुटलं. मग कुलूप, डिकी, ऑर्डरची प्रत, कशाचाही उपयोग नाही.

टोकं जुळत असतानाही काय होतं बघा. २००५ मध्ये यूटाहहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं न्यू जर्सीतल्या न्यूवर्कला पुढचं विमान चुकलं. बंदूक असलेली बॅग ताब्यात घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर स्वतःहून बंदूक जाहीर केली. अटक झाली. २०१० मध्ये अपील कोर्टानेही त्याच्या विरोधात निकाल दिला, कारण रात्रभर ती बॅग त्याच्या हाताशी होती. कोलोरॅडोहून न्यू जर्सीला घर हलवणाऱ्या एका तरुणाच्या डिकीत कुलूपबंद पिस्तुलं सापडली, त्याला २०१० मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी ती कमी केली म्हणून तो डिसेंबरात सुटला. तो सैनिक नव्हता, पण त्याच्या जागी सैनिक असता तर आधी कैद आणि मग नोकरीही गेली असती.

अन्याय आहे की नाही यावर आपण वर्षभर बोलू. ट्रक पुढच्या महिन्यात येतोय.

किलीनकरीण:
हे वाचून दाखवलं. नवरा गप्प झाला, मग म्हणाला, "ठीक आहे, दोन्ही डॅलसला भाऊजींकडे ठेवू." म्हणजे माझा दीर, एका कंपनीत आहे, मोठं घर आहे. हे चालेल ना?

कलमवाचक:
दीर नागरिक आहेत की ग्रीन कार्डवर?

किलीनकरीण:
एच-वन-बी.

कलमवाचक:
मग अजिबात नाही! एच-वन-बी हा तात्पुरता व्हिसा. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या ताब्यात ठेवणं हा संघीय गुन्हा आहे. २०२२ पासून शिक्षा १५ वर्षांपर्यंत. देणारा जाणूनबुजून देत असेल तर तोही अडकतो. दिराची ग्रीन कार्ड मिळण्याची आशाही धोक्यात येईल. भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांनाही हेच लागू. त्यांच्या खोलीतल्या कपाटात पिस्तूल ठेवू नका. आपल्या घरांत हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

कोरेगावचा_फौजी:
मी भारतीय सेनेतून निवृत्त, सातारा जिल्ह्यातला. तुमच्याकडची गंमत अशी की राज्य बदललं की कायदाच बदलतो. आमच्याकडे कायदा एकच, १९५९ चा, पण पत्ता बदलला की परवाना नव्या ठिकाणी नोंदवावा लागतो. निवडणूक लागली की पोलीस ठाण्याची नोटीस येते आणि हत्यार जमा करायचं. पहिल्यांदा मलाही राग आला होता. बाकावर बारा बोअरची बंदूक मांडीवर घेऊन तीन तास बसलो होतो, ठाणे अंमलदार नंबर वहीत उतरवत होता. पण पावती हातात आली की रात्री झोप लागते, एवढं खरं. नवऱ्याला सांगा, मागे ठेवण्यात कमीपणा नाही.

रानवारा:
काका, मागे ठेवण्यात कमीपणा नाही हे मान्य. पण न्यूयॉर्कने सैनिकाला ६० दिवस द्यायला हवेत, हे मी सोडणार नाही. माझ्या काँग्रेसमनला, म्हणजे इथल्या खासदाराला, पत्र लिहिणार आहे. ताई, तुमचा विरोध असेल तरी चालेल.

हडसनकाठ:
पिस्तुलासाठी ६० दिवस, कुलपात आणि नोंदणीसह, याला माझी हरकत नाही. रायफलला आहे आणि राहील.

किलीनकरीण:
फोर्ट हूडला २००९ मध्ये जो हल्ला झाला, त्यात १३ जणांचा जीव गेला. त्यातलं पिस्तूल आमच्या या किलीनमधल्याच दुकानातून रीतसर विकत घेतलेलं होतं. हल्ला करणारा आर्मीचाच मेजर. म्हणून "सैनिक आहे, सोडा" हे मला कधीच पुरेसं वाटलं नाही. नवऱ्यालाही मी तेच सांगितलं.

काल रायफल विकली. पिस्तूल एका परवानाधारक डीलरकडे ठेवायला दिलंय, न्यूयॉर्कचा परवाना मिळाला की तिथल्या डीलरमार्फत मागवू. नवरा दुकानाबाहेर गाडीत बराच वेळ नुसता बसून होता. वडील गेल्यावर स्वतःच्या पैशांनी घेतलेली ती पहिली वस्तू होती त्याची.

कलमवाचक:
पावतीवरचा सिरियल नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी जुळवून घेतलात ना? आणि गॅरेजमधल्या उरलेल्या गोळ्या मूव्हर्सच्या खोक्यांत जाऊ देऊ नका, घरसामानात त्या चालत नाहीत. रिकामी मोठी मॅगझिनंही रायफलीच्या पिशवीत राहून जातात, ती पिशवी उघडून बघा.

किलीनकरीण:
बघितली. बाजूच्या कप्प्यात दोन होती, तीस-तीसची.